मेपलच्या पानांवरचा चिकटा आणि सेफरचा कीटकनाशक साबण

मे महिना संपत आला की न्यू जर्सीत मेपलखाली लावलेल्या गाडीच्या काचेवर चिकट थेंब दिसू लागतात, अंगणातल्या खुर्च्यांना हात चिकटतो, आणि झाडाची पाने उन्हात वार्निश लावल्यासारखी चमकतात. अशा वेळी बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि बागकामाच्या फळीवरची दिसेल ती बाटली उचलून आणतात. त्या फळीवर हमखास आढळणाऱ्या एका उत्पादनाचे हे परीक्षण आहे: सेफर ब्रँडचा ‘इन्सेक्ट किलिंग सोप’, आणि तोही पाण्यात मिसळून वापरायचा, 16 औंसांच्या बाटलीतला दाट प्रकार. आमच्या अंगणातल्या लहान रेड मेपलवर आणि आसपासच्या झुडपांवर मी तो काही हंगाम वापरत आलो आहे. माझे मत प्रथमच सांगतो. ज्या कामासाठी तो बनवला आहे त्या कामात हा साबण उत्तम आहे, परंतु ते काम फार मर्यादित आहे. आणि आपल्या झाडाला नेमके तेच काम हवे आहे की नाही, हे बाटली घेण्यापूर्वीच ठरवावे लागते. म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग निदानाला दिला आहे.

हा चिकटा झाडातून पाझरत नाही. पानांत तयार झालेली साखर ज्या नलिकांमधून फांद्यांकडे आणि मुळांकडे जाते, त्या नलिकांमध्ये सोंड खुपसून रस पिणारे कीटक तो टाकतात. या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी कमी असते. अंगाला पुरेल इतके नत्र मिळवण्यासाठी कीटकाला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस प्यावा लागतो, आणि उरलेले साखरपाणी तो शरीराबाहेर टाकतो. ते खालच्या पानांवर, गाडीवर, लाकडी डेकवर पडते, आणि काही आठवड्यांत त्यावर काळी बुरशी वाढते. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आले की खालची पाने आधी चिकट आणि मग काळी होतात, हे कोकणातल्या बागायतदारांना चांगलेच ठाऊक आहे. मेपलवरचा प्रकार तोच, फक्त कीटक वेगळे.

यातून निदानाचा पहिला नियम निघतो. चिकट पान हातात घेऊन त्याची वरची बाजू कितीही निरखली तरी तिथे काहीच सापडत नाही, कारण गुन्हेगार त्याच्या वर असतो: वरच्या पानाच्या खालच्या बाजूला किंवा वरच्या डहाळीवर. मेपलच्या सावलीत लावलेले होस्टा (रुंद पानांची शोभेची झाडे) चिकट झाले म्हणून होस्टावर फवारणी करणारे लोक मी पाहिले आहेत; त्या होस्टावर एकही कीटक नव्हता. फांदी हलकेच खाली ओढून पाने उलटी करावीत आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून मुख्य शिरांच्या कडेने पाहावे. मावा असेल तर तिथे हिरवट किंवा तपकिरी, मऊ अंगाचे, लहानमोठे कीटक दाटीवाटीने बसलेले दिसतात, आणि त्यांच्यामध्ये पांढरट, पोकळ, कागदासारख्या काती अडकलेल्या असतात. मावा उडून गेला किंवा खाल्ला गेला तरी या काती मागे राहतात. त्यामुळे नुसत्या काती दिसल्या आणि जिवंत कीटक दिसले नाहीत, तर फवारणीची वेळ निघून गेली असे समजावे.

सगळाच ओलावा आणि सगळेच काळे डाग या कीटकांचे नसतात. हिवाळा सरताना छाटलेल्या मेपलच्या फांदीतून पाण्यासारखा पातळ रस ठिबकतो. तो जखमेतून येतो, पाने फुटण्याच्या आधीच्या काळात येतो, आणि त्यावर कोणतेही औषध मारण्याचे कारण नसते. सॅपसकर जातीचे सुतारपक्षी खोडावर ओळीने भोके पाडतात, त्यांतूनही असा रस वाहतो. दुसरा घोटाळा काळ्या डागांचा. नॉर्वे मेपलच्या पानांवर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात डांबराचे थेंब पडल्यासारखे जाड काळे ठिपके येतात. हा ‘टार स्पॉट’ नावाचा वेगळा बुरशीजन्य रोग आहे आणि चिकट्याशी त्याचा संबंध नाही. ओल्या बोटाने पान चोळावे: काजळीसारखा थर बोटावर उतरला तर ती चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी, आणि ठिपका जागचा हलला नाही तर टार स्पॉट. कीटकनाशक साबण टार स्पॉटला काहीही करत नाही.

झाड कोणते हेही पाहिले पाहिजे, कारण त्यावरून संशयितांची यादी बरीच लहान होते. पानाचा देठ मोडल्यावर पांढरा दुधासारखा चीक आला तर ते बहुधा नॉर्वे मेपल. रेड, शुगर किंवा सिल्व्हर मेपलच्या देठातून असा चीक येत नाही. नॉर्वे मेपलवर एक खास जातीचा मावा येतो आणि त्याचा चिकटा इतका असतो की झाडाखाली उभे राहिले तरी अंगावर बारीक शिंतोडे जाणवतात. सिल्व्हर मेपलवर डहाळ्यांच्या खालच्या बाजूने पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसले तर ती ‘कॉटनी मेपल स्केल’ ही खवले कीड असण्याची शक्यता अधिक. ते पुंजके म्हणजे मादीच्या अंड्यांची पिशवी, आणि एकेका पिशवीत हजाराच्या घरात अंडी असू शकतात. मात्र त्याच सिल्व्हर मेपलच्या पानांखाली वसंतात पांढरी लोकर पांघरलेला एक मावाही येतो, जो पुढे आल्डरच्या झाडांवर निघून जातो. पांढरे दिसले म्हणजे खवले कीडच, असे धरून चालत नाही. काडीने पांढरे बाजूला सारून खाली पाय असलेला, चालणारा कीटक आहे की डहाळीला घट्ट चिकटलेले तपकिरी कवच आहे, एवढे पाहिले की उत्तर मिळते. खवले किडींतही दोन गट आहेत. मऊ कवचाच्या किडी चिकटा टाकतात. कठीण कवचाच्या किडी, उदाहरणार्थ रेड मेपलवर येणारी ‘ग्लूमी स्केल’, चिकटा टाकतच नाहीत. खोडावर कवचे आहेत पण खालची पाने कोरडी आहेत, अशा झाडाचा उपचार सर्वस्वी निराळा असतो.

ऑगस्टनंतर अचानक चिकटा वाढला, खोडाच्या बुंध्याशी गांधीलमाश्या घोंघावू लागल्या आणि खोडच काळे पडू लागले, तर पानांकडे नव्हे, खोडाकडे आणि जाड फांद्यांकडे पाहावे. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा परदेशी कीटक पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत 2014 साली प्रथम सापडला आणि 2018 पर्यंत न्यू जर्सीत पोहोचला. रेड आणि सिल्व्हर मेपल ही त्याची आवडती झाडे आहेत. प्रौढ कीटक सुमारे एक इंच लांब, राखाडी पंखांवर काळे ठिपके असलेला, आणि उडाला की मागच्या पंखांचा लाल रंग दिसतो, त्यामुळे ओळखायला भिंग लागत नाही. या कीटकासाठी हा साबण घेऊ नये असे मी म्हणेन. थेंब अंगावर थेट पडले तर काही कीटक मरतील, पण शेजारच्या झाडांवरून नवे येतच राहतात आणि साबणाचा अंमल वाळल्याबरोबर संपतो.

इतके करूनही ओळख पटली नाही, तर रटगर्स विद्यापीठाच्या वनस्पती निदान प्रयोगशाळेत शुल्क भरून नमुना देता येतो, आणि काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयांतले मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकही मदत करतात. माझ्या मते ही बाटलीपेक्षा अधिक मोलाची सेवा आहे. नमुना देताना नुसते चिकट पान देऊ नये. कीटक बसलेली डहाळी द्यावी.

आता उत्पादनाकडे वळू. बाटलीत मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार 49.52 टक्के आहेत, म्हणजे रासायनिक दृष्ट्या हा खरोखर साबणच आहे. एक गॅलन पाण्यात अडीच औंस, म्हणजे पाच टेबलस्पून, हे प्रमाण. त्या हिशेबाने एका बाटलीत सहा गॅलनांहून थोडे अधिक द्रावण होते. मऊ अंगाच्या कीटकावर द्रावण पडले की त्याच्या कातडीवरचा मेणाचा थर आणि पेशींची आवरणे विस्कटतात आणि कीटक सुकून मरतो. हे सर्व द्रावण ओले असतानाच घडते. वाळलेला साबण निष्प्रभ असतो, आणि याच गोष्टीत या उत्पादनाचा गुण आणि दोष दोन्ही सामावलेले आहेत. सकाळी फवारलेल्या झाडावर दुपारी येणाऱ्या मधमाशीला किंवा ढालकिड्याला त्यापासून धोका राहत नाही, आणि जो मावा फवाऱ्यातून सुटला त्यालाही राहत नाही.

म्हणून सगळा भर फवारणीच्या पद्धतीवर आहे. नळी पानांच्या खालून वर धरून, द्रावण ठिबकू लागेपर्यंत प्रत्येक पानाची खालची बाजू भिजवली पाहिजे. वरून शिंपडले तर औषध आणि श्रम दोन्ही वाया जातात. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरा साका तयार करतात, द्रावणाची ताकद जाते आणि पंपाचे तोंड तुंबते. आधी काचेच्या बरणीत थोडे मिसळून थोडा वेळ ठेवावे. वर साय धरली तर दुसरे पाणी घ्यावे. तापमान 90 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 32 अंश सेल्सिअसच्या वर असताना, भर उन्हात, किंवा पाण्याच्या ताणाने झाड मलूल झालेले असताना फवारू नये. पहाटे फवारणे सर्वांत चांगले. भांडी घासण्याचे द्रव मिसळून असे औषध घरीच करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मी मुळीच देणार नाही, कारण ते द्रव साबण नसून डिटर्जंट असतात, पानांवरचे नैसर्गिक मेण काढून टाकतात आणि पाने करपवतात.

आमच्या रेड मेपलवर परिणाम कसा दिसला, ते सांगतो. फवारणीनंतर थोड्या वेळाने भिंगातून पाहिले तेव्हा शिरांच्या कडेचा मावा जागच्या जागी बसलेला होता, पण काडीने स्पर्श केल्यावर हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांतले बहुतेक आक्रसून तपकिरी झाले होते. शेंड्याकडे वळलेल्या कोवळ्या पानांच्या घडीत मात्र जिवंत कीटक शिल्लक होते, कारण तिथे थेंब पोहोचलाच नव्हता. आठवड्याभरात पुन्हा फवारल्यावर नवा चिकटा पडणे जवळजवळ थांबले. आधी पडलेला चिकटा मात्र साबणाने निघून जात नाही. तो पावसाने किंवा नळाच्या पाण्यानेच धुवावा लागतो, आणि काळ्या बुरशीचा थर हळूहळू झडतो. पाने अजून काळी आहेत म्हणून फवारणी फसली, असा निष्कर्ष काढू नये. पाहायचे ते नव्याने फुटलेले पान चिकट आहे की नाही, एवढेच.

ज्यांच्या दारात लाल बारीक पानांचा जपानी मेपल आहे त्यांनी विशेष सावध राहावे, आणि न्यू जर्सीच्या उपनगरांत हे झाड पुष्कळ दारांत असते. कीटकनाशक साबणाने इजा होऊ शकणाऱ्या झाडांच्या याद्यांत जपानी मेपलचे नाव वारंवार येते. एक लहान फांदी फवारून दोन दिवस थांबावे. पानांच्या कडा करपल्या तर साबण बाजूला ठेवून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर भागवावे. इतक्या लहान झाडावरचा मावा पाण्यानेही बराचसा खाली पडतो, आणि पडलेल्या माव्यापैकी फारच थोडे पुन्हा वर चढतात. साबणाऐवजी बागायती तेल वापरू म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की जपानी आणि रेड मेपल तेलालाही संवेदनशील मानले जातात.

खवले किडीच्या बाबतीत हे उत्पादन वेळेवर अवलंबून आहे. कवचाखाली बसलेल्या मादीला साबण काही करत नाही. कॉटनी मेपल स्केलची पिल्ले जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत अंड्यांतून बाहेर येतात आणि पानांच्या खालच्या बाजूला जाऊन शिरांच्या कडेला बसतात. त्या अवस्थेत त्यांच्यावर कवच नसते, आणि तेव्हाच साबणाचा उपयोग होतो. वेळ ओळखण्यासाठी कापसाच्या पुंजक्याजवळच्या डहाळीभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळावी. तिच्यावर धुळीएवढे पिवळसर ठिपके अडकू लागले की पिल्ले निघाली. मेलेली कवचेही डहाळीला बराच काळ चिकटून राहतात, तेव्हा परिणाम मोजायचा तर नखाने कवच दाबावे: ओले निघाले तर कीड जिवंत, कोरडी भुकटी निघाली तर मेलेली. फवारण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासण्याची मी कळकळीने विनंती करतो. या पुंजक्यांवर कधी कधी पांढऱ्या मेणाचे झुपके अंगावर असलेल्या, चालणाऱ्या अळ्या दिसतात. त्या ‘हायपरॅस्पिस’ जातीच्या ढालकिड्यांच्या अळ्या असतात आणि खवले किडीची अंडी खाण्याचे काम करत असतात. कीड समजून त्यांनाच भिजवले तर साबण त्यांनाही मारतो.

मोठ्या झाडासाठी हे उत्पादन नाही. रस्त्याकडेचा चाळीस-पन्नास फुटी नॉर्वे मेपल खांद्यावरच्या पंपाने भिजवता येत नाही, आणि शेंड्यावरचा मावा तसाच राहिला तर खालच्या फांद्या धुऊन काहीच साधत नाही. शिवाय रस्त्याकडेची झाडे बहुधा नगरपालिकेची असतात, त्यांना हात लावण्यापूर्वी शेड ट्री कमिशनला, म्हणजे गावातल्या झाडांची देखरेख करणाऱ्या समितीला, विचारावे लागते. अशा झाडाबद्दल मी एका वृक्षसेवा कंपनीला बोलावले होते. त्यांच्या प्रतिनिधीने एकही पान न उलटता, गाडीच्या काचेवरचे डाग पाहूनच, खोडात कीटकनाशक टोचण्याचा खर्च सांगितला. कोणता कीटक आहे, असे विचारल्यावर ‘सगळ्यांवर चालते’ हे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही, आणि कोणत्याही घरमालकाने ते मान्य करू नये.

मेपलच्या अंतर्गत नलिकांतून पसरणारी इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड गटातली औषधे माव्यावर आणि मऊ खवले किडींवर परिणामकारक आहेत, हे खरे. महाराष्ट्रातले बागायतदारही ती चांगली ओळखतात. पण ती परागात आणि मधुरसातही उतरतात, आणि रेड मेपलचा फुलोरा वसंताच्या अगदी आरंभी मधमाश्यांना मिळणाऱ्या पहिल्या अन्नांपैकी आहे. ओरेगॉनमधील विल्सनव्हिल येथे जून 2013 मध्ये एका दुकानाच्या वाहनतळावरच्या 55 लिंडन वृक्षांवर, ते फुलांनी भरलेले असताना, डायनोटेफ्युरान हे याच गटातले औषध फवारले गेले, आणि सुमारे 50,000 भुंगेमाश्या मेल्या. ती फवारणी माव्यासाठी होती. न्यू जर्सीत 2022 साली झालेल्या कायद्याने या गटातील औषधांच्या घराबाहेरील, शेतीव्यतिरिक्त वापरावर कडक निर्बंध आले आहेत, आणि मला तो कायदा योग्य वाटतो. चिकट्याने बहुतेक मोठ्या मेपलचे फारसे बिघडत नाही. मावा वाढतो, त्यामागोमाग ढालकिडे, क्रायसोपा हे जाळीदार पंखांचे कीटक, सिरफिड माश्या आणि माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात, आणि जुलैपर्यंत चिकटा पुष्कळदा आपोआप ओसरतो. पानाखाली फुगीर, गव्हाळ रंगाचा, पाठीवर गोल भोक असलेला मृत मावा दिसला, तर त्या गांधीलमाश्यांनी काम सुरू केले आहे असे जाणावे आणि साबणाची बाटली परत ठेवावी.

मुंग्यांची ये-जा मात्र थांबवावी, कारण चिकट्याच्या लोभाने त्या माव्याची राखण करतात आणि शत्रुकीटकांना हुसकावतात. खोडाभोवती चिकटपट्टी लावायची तर आधी कागदी टेप गुंडाळून तिच्यावर चिकट लेप द्यावा. सालीवर थेट लावू नये. नत्रयुक्त खतही जपून द्यावे. लॉनवर भरभरून टाकलेले खत मेपलच्या मुळांपर्यंत जाते, कोवळी रसरशीत पाने फुटतात आणि माव्याला हवे ते मिळते.

खरेदीबाबत थोडेसे. हाच साबण आयता मिसळलेल्या फवारणीच्या बाटलीतही मिळतो. कुंडीतल्या झाडांसाठी ती सोयीची आहे, पण मेपलच्या दृष्टीने महाग पडते, आणि तिचे तोंड वर करून पानांच्या खालून फवारणे हाताला अवघड जाते. आठ-दहा फुटांपर्यंतच्या झाडासाठी दाट प्रकार आणि लांब नळीचा एक गॅलनचा पंप, ही जोडी योग्य. दाट द्रवाला साबणाचा उग्रसर वास येतो, तो वाळल्यावर जातो. डोळ्यांत उडाला तर चुरचुरतो, तेव्हा वर तोंड करून फवारताना चष्मा घालावाच. पंपात उरलेले द्रावण साठवून ठेवू नये, आणि बाटली हिवाळ्यात थंड गॅरेजमध्ये न ठेवता गोठणार नाही अशा जागी ठेवावी. पाचपैकी चार तारे मी देतो. पाचवा राखून ठेवला तो लेबलासाठी: जपानी मेपलची सूचना आणि खवले किडीच्या पिल्लांची वेळ या दोन गोष्टी ग्राहकाला बाटलीच्या दर्शनी भागावर, मोठ्या अक्षरांत वाचायला मिळाल्या पाहिजेत.